परड्यातली कळलावी: तीन पावसाळ्यांच्या नोंदी

१३ नोव्हेंबर २०२२ (जांबोटीजवळ, माहेरी)

दादाने शेताची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, काढायला जेसीबी लावला होता. करवंद, गेळा, घाणेरी, मधे शिकेकाईचा गुंता, अशी आजोबांच्या वेळेपासूनची जाळी दोन तासांत मुळं वर करून पडली. आता तिथे सिमेंटचे खांब आणि तार येणार. तारेला गवा अडतो म्हणे. गव्याला कोणी विचारलेलं नाही.

उलटलेल्या तांबड्या मातीत बोटाएवढ्या जाडीचे, पिवळट तपकिरी, मधोमध वाकलेले कंद दिसले. जेसीबीवाल्या पोराने एक उचलून पँटला पुसला. "रताळी लागलीत की!" वहिनी बांधावरून ओरडली, "टाक ते आधी! कळलावी हाय ती. आणि हात धू." त्याने टाकला आणि मग संध्याकाळपर्यंत हात पँटलाच पुसत राहिला.

करवंदीवर सुकलेले वेल अजून लोंबत होते. बोंडं उकललेली, आत शेंदरी लाल बिया. त्यामुळे ओळखीबद्दल शंका नाही. नऊ कंद वेचून पिशवीत घातले.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिते: जंगलातलं काही उपटून आणायचं नाही. भीमगड अभयारण्य (२०११ पासून) आमच्याच खानापूर तालुक्यात आहे. तिथून काही उचलणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी आणलं नसतं. हे नऊ कंद खांबांच्या खड्ड्यांत गाडलेच जाणार होते, म्हणून घेतले. सूट एवढीच.

१४ नोव्हेंबर २०२२ (वडगाव, बेळगाव)

हा खटाटोप कशासाठी, तेही लिहून ठेवते. सासूबाईंच्या माहेरी गौरीला कळलावीचं फूल लागायचं. 'गौरीचे हात' म्हणायचे त्याला. सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, बोटं पसरल्यासारख्या, म्हणून हात. बेळगावात आल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं गणपत गल्लीत खानापूरकडच्या बायका आणतील ते फूल घेतलं. अलीकडे मिळालं तर मिळालं, नाहीतर तेरड्यावर भागवायचं. "हाताविना गौर उभी करायची," असं त्या दर वर्षी एकदा म्हणतात. एकदाच म्हणतात, पण म्हणतातच.

कंद आज नीट पाहिले. दोन फाटे असलेला इंग्रजी व्ही, किंवा एक फाटा आखूड असेल तर नांगर. संस्कृतात या झाडाला लांगली म्हणतात, ते या आकारावरून. लांगल म्हणजे नांगर. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. आल्यासारखे किंवा हळदीसारखे अंगभर डोळे नाहीत. टोक मोडलं की तो फाटा वाया, बाकी कितीही गुबगुबीत असो. माझ्या नऊपैकी दोघांचं एकेक टोक मोडलंय, दुसरं शाबूत आहे.

माठात कोरडी वाळू भरून कंद आत ठेवले. माठावर मार्करने मोठ्या अक्षरांत: विष. खायचं नाही. लेक बीएस्सीला आहे. ती म्हणाली, "यातलं कॉल्चिसिन आम्ही प्रॅक्टिकलला ऐकतो. कांद्याच्या मुळाच्या पेशींचं विभाजन मधेच थांबवायला वापरतात." गाठीच्या सांधेदुखीवरचं (गाउटवरचं) औषधही तेच, अगदी मोजून मापून. कंद पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस दगावतो. वाचला तर पुढे केस गळतात. आयुर्वेदात हिला उपविषांत धरलंय. सगळं झाडच विषारी, कंद सगळ्यांत जास्त. हातमोजे घालूनच काम करायचं. मांजर कंदांकडे ढुंकून बघत नाही, एवढं बरं.

५ फेब्रुवारी २०२३

हाताला चैन नाही. माठातले चार कंद परड्यातल्या वाफ्यात, गुलाबाशेजारी लावले. रोज सकाळी एक तांब्या पाणी.

२१ मे २०२३

चारही गेले. उकरलं तर एकाच्या जागी काळा चिखल, बाकीच्यांची नुसती सालं. वास नासलेल्या बटाट्याचा.

चूक कुठे झाली ते लिहून ठेवते, कारण ही चूक मी गुलाबाच्या मायेने केली. कळलावी नोव्हेंबर ते मे झोपते. वेल सुकतो आणि जमिनीखाली फक्त कंद राहतो, तो कोरडा राहिला तरच. जंगलाच्या कडेला या दिवसांत कोणी तांब्या घेऊन जात नाही. त्यात आमची वडगावची माती काळी. बासमतीला चांगली, हिला वाईट. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. कंदाला दोन्ही नको.

उरलेले पाच माठातच आहेत. मृगापर्यंत माठाला हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं. ऐकलं फक्त मीच.

२५ जून २०२३

मृग कोरडाच गेला. आर्द्राच्या तिसऱ्या दिवशी जरा धरून पाऊस आला. आज लागवड.

नवा वाफा आंब्याच्या पूर्व कडेला, जास्वंदीच्या ओळीला लागून. विटांचे तीन थर रचून उंच केला. तळाला मुरूम, वर दादाने टेम्पोतून पाठवलेली दोन पोती तांबडी माती, तिच्यात आंब्या-फणसाचा कुजका पाला. शेणखत फक्त दोन ओंजळी. कंद आडवे निजवले, तीन बोटं खोल, एकमेकांत हातभर अंतर. डोळ्याच्या टोकाशी काडी रोवून ठेवली, म्हणजे खुरपं तिथे लागणार नाही.

जागा निवडायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. हा वेल ना गर्द जंगलातला ना माळावरचा. जंगल संपतं आणि शेत सुरू होतं त्या काठावरचा, म्हणजे वईतला. पाय झुडपाच्या सावलीत, डोकं उन्हात. आंब्याच्या पूर्वेला अकरापर्यंत ऊन असतं, नंतर विरळ सावली. जास्वंदीने करवंदीचं काम करावं अशी अपेक्षा.

१८ जुलै २०२३

तीन कोंब वर. पेन्सिलीच्या टोकासारखे, हिरवे, थेट वर. काड्या रोवल्या होत्या तिथून चांगले वीतभर लांब आले. कंदाने मनाप्रमाणे बाजू निवडली. बाकी दोन्ही जागी काहीच नाही.

३ ऑगस्ट २०२३

तीन आठवड्यांपूर्वी रोवलेले बांबू फुकट गेले. कळलावीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच लांब होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि सापडेल ते धरतं. पण तो वळसा इवलासा, काडेपेटीच्या काडीला बसेल एवढा. अंगठ्याएवढा बांबू त्यात मावतच नाही. वेल बांबूला टेकून उभा, आणि वारा आला की आडवा.

शेजारच्या अक्कांच्या घरी माग आहेत. त्यांनी मागावरचा टाकाऊ धागा आणून दिला, गुलाबी आणि राणी रंगाचा. बांबू ते जास्वंद असा आडवा-उभा ताणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पानांनी धागा धरलेला! तिसऱ्या दिवशी मोजली, सात पानं. जास्वंदीच्या बारीक फांद्याही धरल्यात. थोडक्यात, या वेलाला खांब नको, जाळं हवं. वईत ते आयतं असतं.

अक्का फोटो बघून म्हणाल्या, "अय्यो, ही तर गौरी हूवु!" कानडीतही गौरीचीच.

२७ ऑगस्ट २०२३

पावसाचा पत्ता नाही. (देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरणार हे तेव्हा कुठे माहीत होतं, नंतर वाचलं.) आता मात्र पाणी घालते, आठवड्यातून दोनदा, कारण ही वाढीची वेळ. एका वेलाला दोन कळ्या.

२ सप्टेंबर २०२३

पहिलं फूल. पहिल्या दिवशी फिकट हिरवं, आणि कळी खाली मान घालून असल्याने कोणाचं लक्षही गेलं नाही. मग पाकळ्या हळूहळू मागे वळायला लागल्या. तिसऱ्या दिवशी बुडाशी पिवळं, टोकाला नारिंगी. कडा कुरळ्या, तव्यावर टाकलेल्या पापडासारख्या. आठवडाभरात सगळं लालभडक. अग्निशिखा हे नाव कोणी दिलं त्याला फूल रोज बघायला वेळ होता.

पुंकेसर सहा, छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर पसरलेले. गंमत कुक्षीवृंताची, म्हणजे टोकावर पराग घेणाऱ्या मादी देठाची: अंडाशयापासून तो काटकोनात वळून सरळ बाजूला जातो, स्वतःच्या परागांपासून लांब. दारात आलेल्याला घराबाहेरच गाठायचं, असा हिशेब.

२२ सप्टेंबर २०२३, गौरीपूजन

फूल नाही. या वर्षी श्रावण अधिक होता, त्यामुळे गौरी पार सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याजवळ गेल्या. कळलावी चंद्र बघत नाही, पाऊस बघते. दुसरी कळी १५ तारखेलाच गळून गेली होती. गणपत गल्लीतून तेरडा आणला. सासूबाईंनी वाक्य म्हटलं.

१० डिसेंबर २०२३

वेल पिवळे पडून गळाले. कंद उकरले नाहीत, वाफ्यातच ठेवले. आता सहा महिने शत्रू एकच: घरातली दयाळू माणसं. सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी जिथे माती कोरडी दिसेल तिथे ओततात. वाफ्यावर जुना पत्रा टाकला. त्यावर मराठीत लिहिलं 'पाणी घालू नये', आणि अक्कांनी त्याखाली कानडीत लिहून दिलं, कारण त्यांचा नातूही आमच्या परड्यात खेळायला येतो. त्याला कंदाबद्दल दोन्ही भाषांत दम भरलाय.

९ जून २०२४

पत्रा वळवाच्या दुसऱ्या पावसानंतर काढला होता. आज मोजले तर पाच कोंब! गेल्या वर्षी वेल तीनच होते. जुना कंद दर वर्षी स्वतः आटून जातो आणि जागी नवा फाट्यांचा कंद करून ठेवतो. दोन्ही फाटे जोमदार असले की पुढच्या वर्षी दोन कोंब. धागा आधीच ताणून ठेवलाय, या वेळी पोपटी.

१४ जुलै २०२४

सकाळी वाफ्यात गेले तर दोन वेलांचे शेंडे गायब. अळ्या: काळ्या, त्यावर पांढरे आणि नारिंगी ठिपके, अगदी नटूनथटून. लिलीवर येतात त्याच. या अळीच्या पतंगाचं शास्त्रीय नावच पॉलिटेला ग्लोरिओसी, म्हणजे कळलावीच्या ग्लोरिओसा या वंशावरून ठेवलेलं. जे विष गाय-बकरी तोंडात धरत नाही ते ही बया दिवसभर चरते.

लेक म्हणाली, "आई, रानफूल लावलंस तर रानातलं गिऱ्हाईक येणारच." पटलं, पण अर्धंच. औषध मारायचं नाही असं ठरवलं. सकाळ-संध्याकाळ चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात. एका कडेच्या वेलावरच्या तेवढ्या सोडून दिल्या. तो वेल त्यांनी दांड्यापर्यंत नेला. एका वेलाचं भाडं ठीक आहे, पाचांचं नाही.

२७ जुलै २०२४

आठवडाभर उघाड नाही. बळ्ळारी नाला शिवारात पसरलाय, वडगावची भातं पाण्याखाली. आमच्या परड्यातही घोट्याएवढं पाणी दोन दिवस उभं होतं. गुलाब गेले. विटांचे तीन थर आणि मुरूम यांनी कळलावी वाचवली.

४ ते १८ ऑगस्ट २०२४

फुलं रोज एक-दोन. फुलातला मध पिणारा शिंजीर पक्षी येतो, पण त्याचं चित्त जास्वंदीवर. गेल्या वर्षी एकही बोंड धरलं नव्हतं, म्हणून या वेळी हाताने परागीभवन केलं. तमिळनाडूत कळलावीची शेती होते, दिंडुक्कल-करूर भागात, बियांसाठी, औषध कंपन्यांकरता. तिथे सकाळी माणसं ओळीने फिरून हेच काम करतात. तिथलं ते राज्यफूलही आहे. मी कानकोरणीवरच्या कापसाने एका वेलाचे पराग दुसऱ्याच्या कुक्षीला लावले. नऊ फुलं. बोंडं धरली सहा. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "सोयरीक जुळवायलीस काय?"

११ सप्टेंबर २०२४, गौरीपूजन

दोन फुलं राहिली होती, दोन्ही लाल. गौरीच्या दोन्ही बाजूंना उंचावर बांधली, पोरांचा हात पोचणार नाही अशी. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. नेहमीचं वाक्यही नाही. फोटो मात्र तीनदा काढून घेतला.

हळदीकुंकवाला आलेल्या एका मावशी फूल बघून दचकल्या. "घरात कळलावी लावलाय? भांडणं होतात!" मराठीत कळ लावणारा तो कळलाव्या, त्यावरून ही समजूत. खरं नाव बाळंतपणाच्या कळेवरून आलं. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी कंदाचा लेप लावायचे. लेप लावणारी सुईण आणि लेप खाऊन बघणारी, यांतली कोण सांगायला उरली असेल ते सांगायला नको. भांडणाचं म्हणाल तर या घरात परागीभवन, पत्रा आणि तांदळाचं पाणी यांवरून झाली तेवढी झाली.

विसर्जनानंतर फुलं वेगळी काढून खड्ड्यात पुरली. बाकीचं निर्माल्य गाईपुढे जातं, हे जाऊ द्यायचं नाही.

२४ नोव्हेंबर २०२४

बोंडं उकलली. बिया ११८. वेल वाळल्यावर या वेळी सगळे कंद हातमोजे घालून उकरले. आठ. पाच परत वाफ्यात, तीन कोरड्या वाळूत माठात. बेत असा: पुढच्या वर्षी गौरीपूजन १ सप्टेंबरला. माठातले तीन उशिरा लावून फूल बरोबर तेव्हा आणायचं.

२८ मे २०२५

बेतावर पाणी, अक्षरशः. मान्सून केरळात २४ मेलाच उतरला आणि इकडे रोहिणीतच आर्द्रासारखा कोसळतोय. वाफ्यातून चार कोंब वर.

ओळीत ६० बियाही आज टाकल्या. बाकीच्या कागदी पाकिटात, माठावरचंच विषाचं लेबल.

६ जुलै २०२५

माठ उघडला. तिन्ही कंदांना वाळूतच बोटभर कोंब, पिवळे, वाकडे. वाळू कोरडी होती, पण हवा नव्हती कोरडी. त्यांना पाऊस सांगायला पाणी लागलंच नाही. तिघांनाही कुंड्यांत लावलं. वाफ्यातल्या वेलांना तर आत्ताच कळ्या दिसतायत.

२४ ऑगस्ट २०२५

वाफ्यातलं शेवटचं फूल आज गळालं. एकूण १४ झाली, १२ जुलैपासून. सर्वांत चांगला मोसम आणि एकही गौरीच्या उपयोगाचं नाही. बियांपैकी सात उगवल्या, गवताच्या पात्यासारखं एकेक पान. यांना फूल यायला तीन-चार वर्षं.

१ सप्टेंबर २०२५, गौरीपूजन

कुंडीतल्या एका वेलाला एकच कळी, हिरवी, घट्ट मिटलेली. मी तोडणार नव्हते. सासूबाईंनीच काठी टेकत जाऊन देठासकट तोडून आणली आणि गौरीच्या उजव्या अंगाला लावली. "मूठ आहे," म्हणाल्या. "हातच की तो."

कुंडीतली दुसरी कळी ६ तारखेला उमलली.

१२ ऑक्टोबर २०२५ (जांबोटीजवळ)

दादाकडे आले. वईच्या जागी तार उभी आहे, पाच पदरी, आणि खालून घाणेरी परत डोकं काढतेय. करवंदीची दोन खोडंही फुटलीत. गवा या वर्षी तारेच्या वरून आला, असं वहिनीचं म्हणणं.

तारेची जाडी पानाच्या टोकाने मोजून पाहिली. कुंडीतून एक वेल बरोबर आणला होता, अजून हिरवा. त्याचं टोक तारेला लावून धरलं, दोन तास दुसरी कामं केली, परत येऊन पाहिलं. धरलं नव्हतं. टोक जून झालंय, आता ते कशालाच धरणार नाही. पण वळसा तारेवर ठेवून पाहिला तर मावतो.

दादाशी ठरलं: कंद वाळूत राहतील. पहिला वळीव पडला की चार कंद तारेच्या खांबांमधे, घाणेरीच्या बुडाशी, तीन बोटं खोल. पाणी कोणी घालायचं नाही. शेळ्यांची काळजी नाही. जेसीबीवाला पोरगा परत आला तर वहिनी आहे.